दोरीबाहेरची माणसं



निमंत्रण घेऊन आलेल्या पोरांनी मला विषय सुचवला होता : 'ग्रामीण क्रीडा : काल, आज आणि उद्या'. असल्या विषयाची एक सोय असते, काहीही बोललं तरी खपतं. मी तो घेतला नाही. कॉलेजचा जिमखाना सांभाळणाऱ्या ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलोय, त्यांना काल-आज-उद्या असलं काही सुचत नसे. त्यांना फक्त उद्या पहाटे आसनगावहून सुटणारी लोकल सुचायची. आणि हो, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत त्यांना कोणी कधी नावानं हाक मारली नाही, सगळे 'सर'च म्हणायचे. म्हणून मीही आज तेवढंच म्हणणार आहे.

मी बोलणार आहे प्रेक्षकाबद्दल. त्यातही रागावलेल्या प्रेक्षकाबद्दल.

दहाएक वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे विभागीय सामने, आपण ज्यांना नुसतं 'झोन' म्हणतो ते, उपनगरातल्या एका कॉलेजात होते. खाली मॅट होती. आपल्या कॉलेजची पोरं मातीत वाढलेली, आणि मॅटवर अनवाणी पाय घसरतो. संघात बारा गडी, आणि मॅटवर चालतील असे बूट पाच जोड. त्यामुळे गडी बदलला की दोरीपाशी आधी बूट बदलायचे. बाहेर आलेला खाली बसून नाड्या सोडतोय, आत जाणारा एका पायावर उभा आहे, आणि पंच घड्याळाकडे बघताहेत. समोरच्या संघाचे पाठीराखे हसत होते. मध्यंतरापर्यंत आपल्यावर दोन लोण चढले होते.

तेवढ्यात दोरीबाहेरून एक जण ओरडला. चढाईबद्दल नाही, पकडीबद्दल नाही. तो ओरडला, "अरे, पोरं जिमखाना फी भरतात ना? मग बूट कुठंयत?"

पंचांनी त्याला गप्प केलं. सामना संपल्यावर तो सरांच्या अंगावर धावून गेला, आम्ही चौघांनी मिळून त्याला आवरलं. चौकशी केली तेव्हा कळलं, आपल्या मुख्य चढाईपटूचा तो चुलता. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता आणि त्या दिवशी खाडा करून आला होता. पुतण्याचा खेळ बघायला त्यानं एका दिवसाचा पगार घातला होता. हा पैसा कुठल्याच जमाखर्चात येत नाही, म्हणून मी तो इथं मांडतोय.

आता कोणी विचारेल, कॉलेजच्या संघाशी गावाचा काय संबंध? कॉलेजात शिकतात ती पोरं, त्यांनी बघावं. पण आपल्याकडे तसं नाही. गावोगाव कबड्डीची मंडळं आहेत, पण मंडळ म्हणजे एक गाव, कधी एक पाडा, कधी एक भावकी, आणि निवडणुकीच्या वर्षी तर उघडउघड एक पक्ष. शेजारच्या दोन गावांची मंडळं एकमेकांसमोर आली की सामन्याआधी पोलीस पाटलाला निरोप जातो. कॉलेजच्या बनियनचं तसं नसतं. त्या एका बनियनमध्ये कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी सगळी पोरं एका साखळीत हात धरून उभी राहतात. किन्हवलीचा कोपरा आणि डोळखांबचा मध्यरक्षक यांना एकमेकांचा हात धरायला दुसरीकडे जागाच नाही. शहापूरला सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय झालं, मुरबाडकडे शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय झालं, त्याआधी शिकायचं तर कल्याण गाठावं लागे. कॉलेज आलं आणि तालुक्याला 'आपला' म्हणावा असा पहिला संघ मिळाला. त्या संघाची फजिती झाली की राग येतो. मला वाटतं, तो यायलाच हवा.

पण राग कोणावर? इथं माझं त्या चुलत्याशी पटत नाही. सरांच्या खिशात बूट नव्हते.

आधी पैशाचं बघू. कॉलेजच्या पावतीवर 'जिमखाना' असं एक कलम असतं, आणि विद्यापीठाकडे जाणारी क्रीडा वर्गणी वेगळी असते. रक्कम एका मुलामागे किरकोळच. मुंबईत पाच-सहा हजार मुलांचं कॉलेज असतं, तिथं ही किरकोळ रक्कम गुणली की पोहण्याचा तलाव भाड्यानं घेता येतो. आपल्याकडे शे-पाचशे मुलं, त्यांतही निम्मीअर्धी शिष्यवृत्तीवर. म्हणजे फी सरकार भरणार, आणि सरकार आपल्या सवडीनं भरणार. झोनचे सामने पावसाळा सरतासरता सुरू होतात. शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतात ते इथल्या पालकांना मी सांगायला नको. तेव्हा 'फी कुठं गेली' याचं उत्तर बरेचदा 'अजून आलीच नाही' असं असतं. चोरी झालेली नसते, उशीर झालेला असतो. पण पहाटेच्या तिकिटाच्या खिडकीवर या दोन्हींत काही फरक पडत नाही.

आणि अंतर. धावपट्टी सगळ्यांना सारखी असं खेळात म्हणतात, पण धावपट्टीपर्यंत पोचायचं अंतर सारखं नसतं. सामना सकाळी साडेआठला असेल तर मुंबईचा गडी साडेसातला उठतो. टोकावड्याच्या पोराला आदल्या दिवशी एसटीनं मुरबाड, तिथून कल्याण, मग मावशीकडे किंवा फलाटावर रात्र. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कसारा लोकलनं येणारा तर उभ्यानं येतो. कबड्डी हा मांड्यांचा खेळ आहे हो. दोन तास दारात लटकून आलेल्या मांड्यांनी कोणाला रोखायचं?

सरांच्या पदाचंही ऐका. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक असं एक पद असतं. २०१८ साली राज्य सरकारनं रखडलेल्या भरतीला परवानगी दिली, तेव्हा ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जोडीला या संचालकांच्या जागा होत्या १३९. सबंध महाराष्ट्रासाठी. मग मे २०२० मध्ये कोविडच्या काटकसरीत सरकारनं नवी भरतीच थांबवली. ज्या कॉलेजात हे पद रिकामं असतं तिथं जिमखाना कोणाकडे जातो? ज्या प्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे. मराठीचे किंवा वाणिज्य शाखेचे कोणीतरी भले गृहस्थ संघ घेऊन निघतात, त्यांना बोनस रेषा आणि निदान रेषा यांतला फरक पोरं गाडीत समजावतात. मी हसण्यासाठी सांगत नाही, हसलात तरी हरकत नाही.

याउलट इमारतींना पैसा आहे. तालुका क्रीडा संकुलासाठीची मर्यादा २०२२ साली एक कोटीवरून पाच कोटींवर नेली. चांगलंच झालं, संकुलं हवीत. पण इमारतीला कोनशिला लागते आणि कोनशिलेवर नाव लागतं. बुटाच्या तळव्यावर कोणाचं नाव लिहिणार?

आता आपल्या घरचा एक जुना विषय. भातसा आपली, तानसा आपली, वैतरणा आपली, आणि एप्रिल लागला की टँकरही आपलाच. पाणी धरणातून मुंबईला जातं, हे आपण पाठ केलंय. चढाईपटूही तसाच जातो, ते मात्र कोणी बोलत नाही. एखादा पोरगा झोनमध्ये चमकला की पुढल्या जूनपर्यंत त्याला मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कॉलेजचा निरोप येतो. फी माफ, राहायची सोय, सकाळी अंडी-दूध. पोरगा गेला तर मी त्याला नावं ठेवणार नाही, मीही गेलो असतो. मला कोणी बोलावलं नाही, ही गोष्ट वेगळी. मी डावा कोपरा होतो, आणि तोही डगमगता.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही, म्हणून थोडं लांब जाऊन येतो. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचं वेड आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू लांबोळका, तो हातात धरून पळायचं, आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी धरून पाडायचं. थोडक्यात, चेंडू घेऊन खेळलेली कबड्डी. तिथल्या बड्या विद्यापीठांची मैदानं लाखभर माणसांची. पण त्यांच्याखाली शेकडो लहान कॉलेजं आहेत, तिथला प्रेक्षक आपल्या त्या चुलत्यासारखाच चिडलेला असतो. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथं एक नोंदवही सुरू झाली. ज्या खेळाडूला कॉलेज बदलायचंय त्यानं तिच्यात नाव घालायचं, मग बडे प्रशिक्षक त्याला गाठणार. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावाचे, जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये एका खटल्यात तडजोड मंजूर झाली, आणि पहिल्या वर्षी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा मिळाली. खेळाडूला घामाचं दाम मिळालं, उत्तम. पण एवढे पैसे मोजणारी विद्यापीठं मोजकीच. लहान कॉलेजनं पोरगा घडवायचा आणि तो चांगला निघाला की हात हलवून निरोप द्यायचा. आपली भातसा तिकडेही वाहते.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहरातलं विद्यापीठ. २ डिसेंबर २०१४ ला तिथल्या अध्यक्षांनी, रे वॉट्स त्यांचं नाव, जाहीर केलं की फुटबॉल परवडत नाही, संघ बंद. खेळाडूंना समोर बसवून सांगितलं. ती धिप्पाड पोरं रडली. शहर मात्र रडत बसलं नाही. लोकांनी पहिली मागणी केली ती हिशेबाची : परवडत नाही म्हणजे किती कमी पडतात, ते आकडे दाखवा. ज्या अहवालावरून निर्णय झाला तो लोकांनी वाचला आणि त्याच्या बेरजा-वजाबाक्यांवर वाद घातला. टस्कलूसाच्या बलाढ्य थोरल्या विद्यापीठाचं आणि यांचं विश्वस्त मंडळ एकच. धाकट्याचा गळा थोरल्यासाठी आवळला, असा संशय लोकांनी उघड बोलून दाखवला. तो खरा की खोटा यात मी पडत नाही. मग शहरातल्या व्यापाऱ्यांपासून साध्या चाहत्यांपर्यंत सगळ्यांनी वर्गणीचे आकडे घातले, आणि १ जून २०१५ ला त्याच अध्यक्षांनी संघ परत आणत असल्याचं सांगितलं. २०१७ च्या सप्टेंबरात ते पुन्हा मैदानात उतरले. प्रशिक्षक बिल क्लार्क मधली दोन्ही वर्षं संघाशिवाय थांबून राहिले होते. संघाशिवायचा प्रशिक्षक, म्हणजे नवरदेवाशिवायची वरात.

तिथल्या लोकांनी राग कोणावर काढायचा ते आधी ठरवलं. क्लार्कच्या अंगावर कोणी धावून गेलं नाही.

आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की नेमकं कोण, इथूनच घोळ सुरू होतो. कॉलेजच्या जिमखान्यात एकेकाळी निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी असे. त्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, खून पडले, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका बंद केल्या. वर्गप्रतिनिधी गुणांवर, आणि खेळाचा प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमलेला. २०१६ च्या कायद्यानं खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या, पण २०१९ मध्ये होणार होणार म्हणताना त्या विधानसभेच्या धामधुमीत पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. नव्या कायद्यातही खेळाचा प्रतिनिधी नेमलेलाच. नेमलेला पोरगा बुटांबद्दल कोणाला विचारणार? ज्यांनी नेमलं त्यांना? जुन्या निवडणुका परत याव्यात असं मी म्हणत नाही, मी त्या बघितल्यात. पण फी भरणाऱ्याला फीबद्दल विचारायची एक खिडकी असावी, एवढं तरी म्हणू द्या.

वरच्या मजल्यावर तर नाटकच आहे. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघावर जनार्दनसिंह गेहलोत १९८४ ते २०१३ अध्यक्ष होते. नंतर ते तहहयात अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी आल्या. माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही व्यवस्था मोडीत काढली आणि प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जकार्ताला, १९९० पासून एशियाडचं प्रत्येक सुवर्णपदक जिंकलेला आपला पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून हरला. संघ निवडीवर आक्षेप होतेच. कोर्टानं सांगितलं, ठीक आहे, एशियाडला गेलेला संघ आणि डावलले गेल्याचं म्हणणारे खेळाडू यांचा सामना लावा, निवृत्त न्यायमूर्ती बघतील. १५ सप्टेंबरला दिल्लीत मैदान तयार, न्यायमूर्ती हजर, आणि एशियाडचा संघ आलाच नाही. मग जे आले होते त्यांनी आपसातच दोन तुकड्या करून खेळून दाखवलं.

गावजत्रेत असं झालं असतं तर आयोजकांना मंडपाच्या खांबाला बांधलं असतं.

पुढे महासंघाची निवडणूक २०२३ च्या डिसेंबरात झाली, पण कारभार नव्या मंडळाच्या हाती द्या हे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या फेब्रुवारीत सांगावं लागलं. तेही का, तर आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या घोळात आपल्या मुलींचा संघ आशियाई स्पर्धेला मुकण्याची वेळ आली होती. मुली मार्चमध्ये तेहरानला गेल्या आणि जिंकून आल्या. इकडे याच काळात प्रो कबड्डीला उधाण. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. चारच वर्षांत आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. २०२१ मध्ये पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ९०८ कोटींना गेले. रिशांकला मिळाले याचा आनंदच आहे. पण त्या ९०८ कोटींच्या नदीचा एखादा पाट झोनच्या मैदानापर्यंत काढावा, असं कोणाच्या मनात आलं नाही.

इतकं वरच्यांबद्दल बोललो, आता आपल्याकडे वळतो. टाळ्या थांबवा, पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

आपण दोरीबाहेरचे लोक काही कमी नाही. आमदार चषक, सरपंच चषक, अमक्या दादांच्या वाढदिवसाची स्पर्धा, यांना आपल्याकडे पैसा कमी पडलेला मी पाहिलेला नाही. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला मोटरसायकल बक्षीस लागते. कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यांत निम्मा वेळ माइकवर, 'आताच आपल्यात उपस्थित झालेले' पाहुणे आणि त्यांच्या शाली. शंभर शाली वाटल्या गेलेल्या एका स्पर्धेत पंचांना रात्री एक वाजता वडापाव मिळाला होता. मी त्यात एक पंच होतो म्हणून खात्रीनं सांगतो. बॅनरवर पन्नास चेहरे आणि त्यात एकही खेळाडू नाही. या बॅनरच्या पैशात कॉलेजच्या पोरांचे बूट आले असते, पण ते कोणी मागितले नाहीत आणि कोणी दिले नाहीत, कारण बूट दिल्याचा फोटो बरा येत नाही.

धसई गाव आठवतं ना? १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून आपल्या मुरबाड तालुक्याचं नाव सगळीकडे झळकलं. वडापावलाही कार्ड. त्या आठवड्यात मी आमच्या मंडळाच्या खजिनदाराला विचारलं, गेल्या स्पर्धेचा हिशेब? त्यानं खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला.

इथं सरांची गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगतो.

आम्ही खेळायचो तेव्हा जिमखान्याच्या खोलीला एक लाकडी दार होतं, काळपट, जुनं. सर त्याच्यावर खडूनं हिशेब लिहायचे. वर शिल्लक, खाली खर्च. आयोडेक्स एक बाटली. गुडघ्याचे पट्टे दोन जोड. आसनगाव ते दादर इतकी तिकिटं. केळी दोन डझन. पैसे संपले की खाली रेघ आणि 'शून्य' असं अक्षरी. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, त्यांची सवय. येता-जाता आम्ही वाचायचो, आमचे बाप सामना बघायला आले की वाचायचे. त्या काळात आम्ही काही फार जिंकत नव्हतो. हरायचोच. पण 'पैसे कुठं गेले' असं ओरडलेला माणूस मला आठवत नाही. उलट दारावर 'शून्य' दिसलं की संध्याकाळी कोणीतरी पेंडीवाला किंवा भातगिरणीवाला शंभराची नोट सरांच्या हातात ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती नोट दारावर यायची, नावासकट.

मग मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार म्हणून सगळं कॉलेज रंगवलं. दारालाही ऑइलपेंट लागला, छान निळा. ऑइलपेंटवर खडू उमटत नाही. बाजूला काचेचा फलक लावला, कुलपाचा, आणि त्याची किल्ली कार्यालयात. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, रंगवणाऱ्याला वाटलं दार घाण झालंय. सरांनी दोन-चारदा कागद टाइप करून नेला, किल्लीवाला रजेवर होता. पुढे त्यांनी हिशेब स्वतःच्या डायरीत ठेवायला सुरुवात केली. तिथून पुढचं मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. पाच जोड बुटांचा तो सामना निळ्या दारानंतरचा.

परवा सरांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी त्या डायऱ्या काढून ठेवल्यात, कोणाला हव्या असतील तर न्या म्हणाल्या. चहा होईपर्यंत मी एक उघडली. खाडा करून आलेल्या चुलत्याच्या त्या सामन्याचं पान मिळालं. केळी, पाणी, पट्टी. बुटांचे पाच जोड, आणि समोर सरांचं स्वतःचं नाव, म्हणजे ते पाचही त्यांनी पगारातून घेतले होते. खाली प्रवास. जाताना तिकिटं तेरा, बारा गडी आणि सर. येताना बारा. मी म्हटलं, चुकलं असेल. मग लक्षात आलं. सामन्यानंतर मुंबईतल्या एका कॉलेजची माणसं आपल्या त्या चढाईपटूला, चुलत्याच्या लाडक्या पुतण्याला, बाजूला घेऊन बोलत होती, आणि तो रात्रीपुरता तिथंच थांबला होता. पुढे त्यानं प्रवेश तिकडेच घेतला.

परतीच्या तिकिटांसमोर सरांनी कंसात लिहिलं होतं : एक वाचलं.